पावणेदोन

सोमवार. उद्यमनगर बंद.
इलियासभाईच्या गाळ्यात तेवढा सोल्डरचा धूर.
दोन चौकटी, मध्ये मोजून तीस सेंटीमीटर.
भंगारातल्या माउसांचे डोळे काढून
त्यानं त्यांत बसवलेत.
मागे वाळूचं पोतं.

मृण्मयीनं पिस्तुलाला अजून हात लावला नाही,
तोवर आकडा येतो: तीस.
पुन्हा तीस.
"काय मर्दा, न उडालेला छर्राबी पळतोय ह्यात!"

मग त्याचं वर लक्ष गेलं.
ट्यूबलाइट.
सेकंदाला शंभरदा मिटते म्हणे.
आपण तिच्याखाली अख्खी वर्षं काढली,
कधी जाणवलं नाही.

बटण बंद.
शटरच्या फटीतून येईल तेवढा उजेड,
लेथच्या किसाचा वास,
बाहेरून उसाची ट्रॉली गाणी लावून गेली
ती पार लांब जाईपर्यंत मृण्मयी थांबली.
श्वास अर्धा सोडला. धरला.

एकशे एकाहत्तर.

म्हणजे एका सावलीपासून दुसरीपर्यंत
पावणेदोन मिलिसेकंद.
छर्रा कुणी पाहिलाच नाही,
यंत्रानंसुद्धा.
तो उजेडाच्या आड आला, इतकंच.

इलियासभाईनं आकडा बिडीच्या पुड्यावर लिहिला,
खाली रेघ मारली.
चहा आला,
कप चाचपडत घ्यावे लागले,
तरी ट्यूब कुणी लावली नाही.