मांगं बी हाये

पुठ्ठ्याचा एकच चष्मा, आत माझा फोन,
आणि नववीची एक्केचाळीस मुलं
व्हरांड्यात रांगेनं.

दरवर्षी स्मरणचित्राला ही मुलं आठवडी बाजार काढतात:
तीन दुकानं, एक तराजू, एक फुगेवाला,
पाठीमागे दोन डोंगर, मधे सूर्य.
आमच्या पंचक्रोशीत डोंगर नाही.
तळी आहेत, धानाच्या बांध्या आहेत, मोह आहे.
फुगेवाला तर जत्रेलाही येत नाही.

म्हणून गेल्या बुधवारी
भाच्याकडून मागून आणलेला गोल कॅमेरा
काठीवर लावून भर बाजारात उभा केला
आणि मी बांगड्यांच्या पालामागे लपलो.

पहिला लोमेश. ताठ,
ओळखपत्राच्या फोटोला उभं राहतात तसा.
‘दिसते सर, बाजार.’
मान वळव, म्हटलं.
वळला, आणि खांबावर आदळला.
‘अबे! मांगं बी हाये!’

मग जो तो मागे वळू लागला.
कुणी वर पाहिलं: ताडपत्रीच्या फटीतलं निळं,
विजेची तार, तारेवर कोतवाल.
कुणी हात लांबवून भजं उचलायला गेलं.
कुणी खाली.
‘सर, जमिनीले भोक पडलं.’
तिथं काठी होती, म्हटलं.
कॅमेऱ्याला आपले पाय दिसत नाहीत.
‘तुमच्या चपला दिसते पण. पालाखालून.’
पुढची पाच मिनिटं तास नव्हता.

त्रिवेणी चष्मा काढेचना.
तिची आई डाव्या अंगाला सुकी मासोळी विकते.
‘माय आवाज देऊन रायली,’ ती म्हणाली,
‘तोंड उघडंच हाये.’
मागच्यांनी गलका केला.
मी रांग मोडू दिली.

मग कागद वाटले, परीक्षेच्या मापाचे.
पेन्सिली टेकल्या, आणि तशाच राहिल्या.
कागदाला मागे कुठं असतं?
भूषणनं कागद उलटा करून पाठीवर काढायला घेतलं.
मला ते उत्तर पटलं.
त्रिवेणीला नाही.

शाळेच्या नळामागे एक रांजण आहे,
काठ फुटलेला, अर्धा जमिनीत,
टाकी बसल्यापासून कोरडा.
गेरू, चुना, खिचडीच्या चुलीतला कोळसा.
मधल्या सुट्टीत ती कमरेपर्यंत आत,
लोमेशनं पाय धरलेले.
मग दुसरं कुणी. मग तिसरं.
आतून आवाज यायचा, ‘ओढा रे!’
आणि ओढून काढलेलं तोंड
अर्धं लाल, अर्धं पांढरं.

आठव्या दिवशी मला बोलावलं.
मी डोकं आत घातलं.
शेवाळाचा जुना वास, माझाच श्वास कानात,
बाजूच्या चिरेतून एक उभा उजेड,
आणि भोवती बाजार,
कुठं संपतो ते सापडेना.
मान फिरवली तर मागे पानठेला,
ठेल्यामागे बैल, बैलामागे पुन्हा मासोळी,
आणि कोळशाचं एक मोठं उघडं तोंड.
आभाळ कुणी काढलं नव्हतं.
ते वरून येतच होतं, माझ्या डोक्याच्या कडेनं.

मग खाली पाहिलं. तळाला.
भोक नव्हतं.
दोन पाय होते,
अनवाणी, एका अंगठ्याचं नख फुटलेलं.
कुणाचे, विचारलं.
रांजणात माझा आवाज माझ्यावरच आला.
‘जो पाहून रायला त्याचे,’ बाहेरून त्रिवेणी म्हणाली.

डोकं वर काढलं
तेव्हा घंटा होऊन गेली होती.
पुढचा तास गणिताचा.
मानेला ओला चुना.