साडेआठची नोंद

पुण्यात शिमला ऑफिस आहे
आणि तिथे बर्फ पडत नाही.
कंडक्टर ओरडतो, "चला, शिमला ऑफिस!"
आणि घामेजलेली माणसं निमूट उतरतात.
आमच्या समोरच्या दारातले सुदाम लोणकर
तिथे चौतीस वर्षं नकाशे भरत होते.

मी औलीला निघाले, एकेचाळिसाव्या वर्षी स्कीइंग शिकायला,
हे ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला.
"तारीख?"
मी मोबाइल पुढे केला. दहा निळे चौकोन,
प्रत्येकात ढग, ढगाखाली पांढरे ठिपके.
मला तर सगळं छानच दिसत होतं.

"हे कुठल्या उंचीचं?"
मला कुठे माहीत.
"जोशीमठचं आहे. तू पडणार त्याच्या हजार मीटर वर."
(घसरणार नाही म्हणाले. पडणार.)
"हजार मीटरला साडेसहा अंश. कर वजाबाकी."
वीजबिलाच्या पाठीवर त्यांनीच केली:
खाली चार, वर उणे अडीच.
खाली पाऊस, वर बर्फ,
मधल्या वस्तीत नुसता चिखल आणि चिडचिड.

"आणि पाचव्या दिवसापुढचं वाचू नकोस.
आम्हीसुद्धा वाचत नव्हतो, फक्त लिहीत होतो."

मग पश्चिमी झंझावाताचं सांगत बसले,
घरातल्या एखाद्या बेभरवशाच्या मेव्हण्याचं सांगावं तसं:
भूमध्य समुद्रावरून निघतो, इराण करतो, काबूल करतो,
कधी काश्मीरलाच सगळं ओतून मोकळा होतो,
तुमच्यापर्यंत येतो तो रिकाम्या हातांनी.
आला तर मात्र राहतो दोन दिवस.
वारा कुठून आहे ते बघ,
बर्फ वाऱ्याकडच्या उतारावर टिकत नाही,
पलीकडे जाऊन साठतो.
आणि पडून गेल्यावर जे लख्ख ऊन येतं
त्याला भुलू नकोस. नव्या बर्फाखाली जुना असतो,
त्या दोघांचं अजून पटलेलं नसतं.

चहा निवला. पेन्सिल आली.
"हे बघ. पाऊस म्हणजे टिंब.
रिमझिम, स्वल्पविराम.
बर्फ म्हणजे चांदणी. शेजारी शेजारी दोन काढल्या
की हलका, पण न थांबता पडणारा."
त्यांचा हात थरथरतो हल्ली,
चांदण्या मात्र एकसारख्या आल्या.

"किती काढल्या असतील?"
"पोतंभर."
"आणि पाहिलात कधी?"
त्यांनी खिडकीतून पाषाणच्या टेकडीकडे बघितलं.
जानेवारीची नऊ अंशांची सकाळ,
वॉचमन कानटोपी घालून शेकोटीला.
"सारसबागेबाहेर. गोळ्यावर. काला खट्टा."

निघताना त्यांनी मला स्टीलची पट्टी दिली,
शाळेतल्यासारखी, पण कडा झिजलेली.
"सकाळी साडेआठला मोज. आठ पंचवीसला नाही.
सपाट जागा, झाडापासून लांब.
माझा अंदाज वीस सेंटिमीटर."

चौथ्या रात्री आला तो मेव्हणा.
छतावर आवाजच नव्हता; पुण्याच्या कानांना
आवाज नसलेलं पडणं कळत नाही.
सकाळी दार उघडेना, उघडलं तर
कुंपण गुडघ्यापर्यंत बुडालेलं वाटलं,
उतरावरची माणसं खडूच्या फळ्यावरल्या
चुकून राहिलेल्या काड्यांसारखी.
सगळे ओरडत होते, फोटो काढत होते.
मी घड्याळ बघत होते.
आठ एकोणतीस. हातमोजा काढला.
साडेआठ. पट्टी आत गेली, हलकेच, न अडखळता.

फोन पहिल्या रिंगलाच उचलला.
"अठरा," मी म्हणाले.
पलीकडे मोठा श्वास. मग बराच वेळ काही नाही,
फक्त त्यांच्याकडच्या भाजीवाल्याची हाक, मेथी, पालक,
उणे तीन अंशांत माझ्या कानात.

मला वाटलं, विचारतील: कसा असतो?
मी उत्तर जुळवायलाही लागले होते.

"दोन वाऱ्यानं नेले असतील," ते म्हणाले.
मग जरा थांबून,
"पट्टी सरळ धरली होतीस ना?"