तून

लोहिया बाजारामागच्या वखारीत
रामसनेही म्हणाला, "सागौन मत लीजिए साब, कंधा दुखेगा.
तून ले जाइए, सितारवाले यही ले जाते थे."
घरी येईपर्यंत स्कूटरवर तोच शब्द घोळवत होतो.
तून.
आमच्या भाषेत तो नुसता प्रत्यय,
एकटा कधी उभा राहत नाही,
घरातून, हातातून, मनातून.
इथे मात्र पावणेदोन इंच जाड, तांबूस,
दोन फळ्या, सुतळीने बांधलेल्या,
माझ्या दोन पायांच्या मधे.

नकाशा ऑफिसातच छापला, चार तुकड्यांत,
चिकटवला, कापला,
आणि पालथा घातला फळीवर.
डावखुऱ्यांचं गिटार करायला
एवढंच लागतं, कागद उलटा करणं.

दुसरीत पागनीस मास्तरांनी
फूटपट्टीच्या धारेने माझा डावा हात वळणावर आणला.
तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं
महालेखाकारांच्या कचेरीत काय, घरी काय,
उजवा लिहितो
आणि डावा कागद दाबून धरतो,
पंख्याने उडू नये म्हणून.

करवत मी डाव्यात घेतली.
मंजिरी चहा घेऊन गच्चीवर आली, बघत राहिली,
म्हणाली, "बोट कापशील."
कापलं. उजव्याचं.

राऊटर भाड्याचा, दिवसाला दोनशे रुपये.
तो किंचाळला तसा भुसा उडाला
कुशवाहाबाईंच्या वाळत घातलेल्या मुंगोड्यांवर.
त्या काही बोलल्या नाहीत,
फक्त साडीचा पदर त्यांच्यावर पांघरला
आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, डबल शिफ्ट असल्यासारख्या.
मानेसाठी खाच हवी होती सोळा मिलिमीटर.
मी सतरा खोदली.
मग खाली पत्त्यांतली बदामची तिर्री घातली.
आता आमच्याकडे रमी होत नाही.

खालचे बापू शिरगावकर काठी टेकत वर आले.
त्यांच्या खोलीत अजून दोन तानपुरे आहेत, गवसणीत.
बोटाच्या पेराने लाकडावर टकटक केली.
"पोकळ नाही?"
"नाही."
"मग आवाज राहणार कुठे?"
चुंबक, तार, वेटोळं, असं काहीबाही सांगितलं मी.
त्यांनी पुन्हा एकदा टकटक केली,
जसं दार उघडलं नाही तर करतो तसं.
"मुकं आहे रे," म्हणाले,
आणि जिना उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

ऐंशीचा कागद, एकशेवीसचा, दोनशेवीसचा.
मग स्पिरिटमध्ये चपडा,
जुन्या बनियनच्या पुरचुंडीने अकरा हात.
रंग आला मुरैन्याच्या गजकचा.
रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन केलं, दोन किलो तीनशे.
"यह भी देना है?" त्याने विचारलं.

तारा चढवल्या त्या रात्री
अँप लावला आणि दिवे गेले,
जयेंद्रगंजापासून कंपूपर्यंत सगळे.
अंधारात बसलो. लाकडाच्या शिंगावर
हनुवटी टेकवली, एक तार छेडली.
कानाला जवळजवळ काही नाही.
जबड्यातून मात्र, दाढांतून,
त्या चांदी भरलेल्या दाढेतून सुद्धा,
आलं.
तून, म्हटलं मी. आत्ता कळलं.
उजव्याची बोटं पडद्यांवर चाचपडत होती,
नव्या बाबूसारखी, फाइल कुठे आहे ते न कळून.
डाव्याला कुणी काही शिकवलं नव्हतं.

दिवे आले तेव्हा अँप घोंघावू लागला.
खाचेत तांब्याची पट्टी लावायची राहिली होती.
तारांवर हात ठेवला की गप्प,
उचलला की पुन्हा सुरू.
उद्या सगळे स्क्रू काढावे लागतील.
मंजिरीने आतून विचारलं, "झालं का?"
मी हात ठेवून बसलो होतो.