आठ दिवसांचं पाणी

निघताना चिठ्ठी लिहून ठेवली:
अनंताला सकाळी एक तांब्या.
कढीपत्त्याला तांदळाचं धुवण.
मनीप्लांटकडे बघितलं नाही तरी चालेल.
किल्ली मढवीमावशींकडे.
ऐरोली, सेक्टर आठ, समोरचंच दार.

कारवारला पोचेपर्यंत दोनदा फोन केला,
गॅस बंद आहे ना, म्हणून.
खरं तर अनंतासाठी.
तीन वर्षं नुसती पानं.
शेणखत झालं, आंबट ताक झालं,
एकदा तर रागावूनही पाहिलं त्याच्यावर.

परतलो. बॅगा दारातच.
कुंडी जागेवर नव्हती.
वॉशिंग मशीनच्या मागे सरकलेली,
जिथे समोरच्या टॉवरच्या काचांवरून
तासभर उसनं ऊन येतं.
मला हे कधी दिसलंच नव्हतं.

"मंगळवारी फुलला," मावशी म्हणाल्या,
"दोन आली. थांबली बिचारी तुमच्यासाठी."

फ्रिजमध्ये, विरजणाशेजारी,
स्टीलच्या वाटीत झाकून ठेवलेली
दोन तपकिरी फुलं.
दुधाला त्यांचा वास.
चहालाही आला, तसाच प्यायलो.

मग कुंडी परत जागेवर न्यायला वाकलो
तर तिच्या बुडाखाली माझी चिठ्ठी,
चार घड्या घालून,
डुगडुगू नये म्हणून.