चार्ज

उद्या एकतीस मे.
कपाटाच्या चाव्या, फवारणीचा पंप, दोन स्ट्रेचर,
सगळ्याची यादी झाली, साहेबांची सही झाली.
यादीत टाकं नाही.
दवाखान्यामागचं, गप्पी माशांचं, आठ बाय सहा.
त्याचा चार्ज तोंडीच. इकडे ये, करिष्मा.

चप्पल घालून ये.

हा पंप. तळहाताएवढा.
विटेवर बसवलाय, गाळ ओढू नये म्हणून.
रात्रंदिवस एकच शब्द बोलतो.
शब्द जाड झाला की समज, स्पंज तुंबला.
शेवाळ निघतं, गोगलगाय निघते,
एकदा लसीच्या कुपीचं झाकण निघालं.

आधी बटण बंद, मग पिन काढायची.
नुसत्या बटणावर जाऊ नको.
हे बटण ज्यानं जोडलं, तो घाईत होता.
पिन काढून त्या खिळ्याला टांग, डोळ्यांसमोर,
नाहीतर कोणी येतं, “काहून बंद हाय वं हे?”
आणि खोचून देतं.

वायर धरून ओढायचं नाही.
वासरू काय शेपटीनं उचलतो आपण?
आणि भिंतीकडे जाताना वायरीला झोळ हवा,
थेंब तिथंच गळावा, सॉकेटात शिरू नये.

आपलं पाणी खारं. चहा फुटतो, साबण रुसतो.
आतल्या पात्याच्या चकतीवर पांढरी खपली धरते.
लिंबाच्या पाण्यात अर्धा तास, जुना टूथब्रश,
पकड लावायची नाही.
स्पंज नळाखाली धुवू नको,
टाक्यातलंच पाणी बादलीत घे.
त्या घाणीतही कोणाचं तरी घर असतं,
पाणी तेच निवळतात.

मेमध्ये रोज दोन बोटं पाणी उडतं.
पंप उघडा पडू देऊ नको, कोरडा फिरला की गेला.

हे सगळं मला कोणी सांगितलं नव्हतं.
अशाच एका मेमध्ये
मासे सगळे एका कोपऱ्यात, एकाच दिशेला तोंड करून.
मला वाटलं, भुकेले आहेत.
हात घातला.
कोपरापर्यंत मुंग्या, दातांत लोखंडाची चव.
दोन दिवस कोणाला बोललो नाही. घरीही नाही.
तिसऱ्या दिवशी दर्यापूरहून ट्रिपचा स्विच आणला,
अठराशे पन्नास, खिशातले.
बिल परत आलं : टाक्यासाठी तरतूद नाही.

पहिल्या तारखेला त्याचं छोटं बटण दाबायचं. खट्.
खट् नाही झालं तर पाण्याला हात नाही. वायरमनला बोलव.
आणि अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला एक बादली.
लोक मीठ-कोळसा घालतात,
आपल्याकडे मीठ मातीतच आहे,
पण उन्हानं जमीन फाटली
की मिठालाही पाणी लागतं.

“काका, अन् तुमी घरी काय करसान?”

काय करीन?
गावातल्या टाक्या बघत फिरीन.
प्रत्येकीत इथलीच पोरं आहेत, नखाएवढी,
डासांची अंडी-अळ्या टिपत.
बघ, ही पोटुशी, हिच्या शेपटीजवळचा काळा ठिपका,
असं म्हणत मी वाकलो,
बोट पाण्याला लागणार,
तिनं मनगट धरलं.

“काका, पिन.”

पिन भिंतीतच होती.
पंप त्याचा तो शब्द बोलत होता.
मी हात पुसला, ओला नव्हता तरी.

“चपला नव्या घे,” मी म्हटलं,
“ह्या फार झिजल्या.”