चाळीस पोती

नमुन्याला क्रमांक नव्हता, सीलही नव्हतं.
तंबाखूची रिकामी पुडी, आणि तिच्यात
लिंबाएवढं ढेकूळ, शेवाळलेल्या विटेच्या रंगाचं.
नेमगोंडा मगदूम म्हणाले,
"ही हळद हाय का न्हाई, तेवढं कागदावर लिवून द्या."

हरिपुरात त्यांचं पेव बुजवताहेत, वर प्लॉट पडणार.
जेसीबीच्या दातांत हे आलं.
महापुराच्या साली बाप सांगत होता, आत चाळीस पोती आहेत.
पाणी ओसरल्यावर तोंड उघडलं, कंदील सोडला.
विझला.
तिसऱ्या दिवशी माणूस उतरला
आणि कोपरापर्यंत गाळ घेऊन वर आला.
अडत्या सगळ्यांदेखत म्हणाला,
पायगोंडा, पेव रिकामंच होतं की रे.
त्यानंतर अकरा वर्षं पायगोंडा सौद्याला जात राहिला,
भिंतीकडेच्या पोत्यावर बसून परत येत राहिला.

मी म्हटलं, चिमूटभर पुरे.
खलात पोटॅशियम ब्रोमाईडबरोबर घोटलं,
दाबयंत्रात चकती पाडली. काचेसारखी हवी,
ही धुरकट झाली. तशीच लावली.
म्हातारा यंत्राच्या झाकणावर वाकून उभा,
विहिरीत वाकावं तसा.

आलेख वरून खाली उतरतो, आणि त्यातल्या दरीला
आम्ही शिखर म्हणतो. धंद्यातली जुनी खोड.
३४०० पाशी पसरट खळगा: पाणी.
सांगलीत ते कशातही निघतं.
३६२० ला बारीक काटा, १०३० ला खोल घळ:
काळी माती. म्हणजे कृष्णा आत शिरली होती,
त्यावर कुणाचं दुमत नव्हतंच.
कुर्कुमीन दिसायला हवं १६२८ ला.
तिथं एक ओरखडा, नखानं काढल्यासारखा.
ओरखड्यावर मी सही करत नाही.

मग इरफान मुजावरनं अर्क काढून
दुसऱ्या यंत्रात सोडला. हे यंत्र बघत बसत नाही, फोडतं.
रेणूवर इलेक्ट्रॉनचा मारा करायचा,
उडालेल्या कपच्या तोलायच्या,
आणि कपच्यांवरून सांगायचं, साबूत असताना हा कोण होता.
मगदुमांना हे लगेच पटलं.
"हळकुंडबी मोडूनच बघत्यात," म्हणाले.

२१६. त्याच्याखाली ११९ आणि ८३.
आर-टर्मेरोन, हळदीच्या तेलातलं.
हे तिघं असे एका रांगेत
दुसऱ्याच्या घरी सहसा जेवायला बसत नाहीत.
पुढं १५२, त्याला खेटून १५१.
इरफान म्हणाला, मॅडम, व्हॅनिलीन? आईस्क्रीम सांडलं का कुणी?
नाही रे. कुर्कुमीन ओलीत वर्षानुवर्षं पडलं की तुटतं,
त्यातला एक तुकडा हा.
रंग गेला, आणि जाताना
असा भलताच वास मागं ठेवून गेला.

मी लिहिलं: नमुन्यात हळदीचे घटक आढळले.
त्यांनी ओळीवर बोट फिरवलं.
"आणि पोती? चाळीस?"
ते यंत्राला कळत नाही, काका.
"बरं."
बराच वेळ गप्प. मग पहिल्या आलेखावर
२३५० पाशी बोट थांबलं.
"हितं दोन शिंगं कसली?"

ती नमुन्यातली नाहीत, मी म्हटलं. तुम्ही वाकला होता ना,
तुमचा श्वास आत गेला. कार्बन डायऑक्साईड.
"म्हंजे पेवात कंदील विझीवतो, त्योच?"
तोच.

नियमानं पार्श्वभूमी पुन्हा घ्यायची असते,
शिंगं घालवून साफ प्रत काढायची असते.
मी बटणाकडे हात नेला.
"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले,
आणि कागद घडी न घालता, सुरळी करून,
धोतराला न लागेल असा
दोन्ही हातांत धरून जिना उतरले.
पुडी टेबलावरच राहिली.