नाकासमोरची वीतभर हवा

पहाटे साडेचारला पंप तपासते.
मिनिटाला दोन लिटर, थेंबभर इकडे-तिकडे नाही.
ऑगस्टमध्ये सोहारला काचा
आतून नाही, बाहेरून घामेजतात.

शिफ्टच्या तोंडाला ते रांगेत येतात.
अप्पलराजू, टेकबहादूर, शमशुद्दीन फणसोपकर.
कमरेला पंप, पाठीवरून नळी,
कॉलरला चकती, आत पांढरा गाळणकागद.
नाकापासून वितीच्या आत हवी, असा नियम आहे.
तेवढी हवा माणसाची.
बाकीची कंपनीची.

नाकासमोर चालणारी माणसं.
सरळ चढून जातात
कोळशाचं डांबर वितळतं त्या मजल्यावर,
आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली
की ऊन गालांना मिरचीसारखं झोंबतं.
ऊन नाही हो मॅडम, अप्पलराजू सांगतो,
चावतो तो धूरच. ऊन फक्त
कुठे कुठे चावलंय ते दाखवतं.

किती असतं म्हणजे?
एका गुंजेचे सहाशे तुकडे करा.
घनमीटरभर हवेत त्यातला एक, तिथवर चालतं.
कुणाला चालतं,
हे कोष्टकात दिलेलं नाही.

शमशुद्दीन राजिवड्याचा.
माझ्याशी मराठीत बोलतो, तेही हळू,
भाषेलाही गेटपास लागत असल्यासारखा.
"यात नापास झालो तर घरी पाठवतात?"
म्हटलं, तू नाही रे, हवा नापास होते.
तो हसला.
"हवेला कोण एक्झिट मारणार?"

संध्याकाळी त्याचा कागद पांढराच.
पंप मात्र सगळं टिपून ठेवतो:
दहा चाळीस ते दोन पंचवीस, हालचाल शून्य.
क्रेनच्या केबिनमध्ये, एसीच्या तोंडाशी,
खुंटीला अडकवला होता, सदरा काढून ठेवावा तसा.
आणि हा खाली, भट्टीच्या कडेला, उघड्या गळ्याने.

नमुना बाद. कारण लिहायचं.
रकान्यात जेमतेम तीन शब्द मावतात.
धाकटीचं बारावीचं वर्ष.
मी लिहिलं: पंप हलला नाही.

रोज एक कोरी चकती बरोबर नेते मी.
उघडायची, लगेच मिटायची,
तिच्यातून कुणी श्वास घेत नाही.
त्या रात्री ती आणि शमशुद्दीनची
शेजारी ठेवल्या, तर ओळखू येईनात.
चिकटपट्टीवरचा नंबर बघावा लागला.

दुसऱ्या दिवशी रांगेत तो पहिला.
काही बोलला नाही, मीही नाही.
कॉलर स्वतःच वर केली.
खाली कातडी सोलवटलेली, गुलाबी,
भाजल्या वांग्यासारखी सुटत आलेली.
क्लिप जरा बाजूला लावली,
जिथे घासणार नाही.
मग वीत टेकवून पाहिली, नाकापासून.
भरली.